वैखरीपलीकडची वाणी

आमच्या आजोळीं एक मामा होते. ते जन्मतः बहिरे होते, आणि म्हणून लोक त्यांस मुके म्हणत. घरांतील सर्वांचें त्यांच्यावर प्रेम होतें. सणावारीं पहिलें ताट त्यांस वाढलें जाई, दिवाळीचा सदरा सर्वांच्या आधीं त्यांच्या मापाचा शिवला जाई. आणि एवढें असूनहि त्यांच्या उभ्या आयुष्यांत घरांतील कोणीं त्यांच्याशीं पांच मिनिटें सलग संभाषण केलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. जेवावयास चला, गाय बांधा, दार लावून घ्या, डॉक्टर आले आहेत, अशा वीस-पंचवीस खुणा त्या वाड्यांत रूढ होत्या. त्यांच्यापलीकडे मामांचें मन म्हणजे कडी लावलेली खोली होती. आणि ती कडी आंतून आहे कीं बाहेरून, याचा विचार करावा असें त्या सुशिक्षित घरांत कोणास सुचलें नाहीं. आम्हांसहि सुचलें नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे.

मनुष्य मनुष्याशीं बोलतो म्हणजे नेमकें काय करतो, या प्रश्नाकडे आम्ही पुढें वळलों, त्याच्या मुळाशीं मामांचें मौन आहे. ज्यास ध्वनि ऐकूं येत नाहीं त्याच्याशीं विचारविनिमय कसा करावा, याविषयीं युरोप-अमेरिकेंत गेलीं चारशें वर्षें जो वाद चालला त्याचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी वाचीत नाहीं. शिक्षणशास्त्रांतील तें एक आडवळण आहे अशी समजूत असते. आमच्या मतें संवादाचीं मूलतत्त्वें जितकीं त्या इतिहासांत उघड दिसतात तितकीं अलंकारशास्त्रांत किंवा वक्तृत्वावरील पाठ्यपुस्तकांत दिसत नाहींत.

प्रथम एका शब्दाविषयीं. ‘मुका’ हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. जन्मबधिर मनुष्याचा कंठ, जीभ, ओंठ हीं सर्व बहुधा शाबूत असतात. त्यास आवाज नसतो असें नाहीं. त्यास इतरांचा आवाज पोंचत नाहीं, आणि जें कधीं कानीं पडलें नाहीं तें मुखावाटे येत नाहीं. जन्मबधिर हे मुकेहि असतात हें ॲरिस्टॉटलनें नोंदवून ठेवलें होतें. त्याबरोबरच, ज्ञानार्जनास श्रवण हें सर्वांत अधिक साह्य करतें, सबब आंधळे हे मूकबधिरांपेक्षां अधिक बुद्धिमान् असतात, असेंहि त्यानें एके ठिकाणीं म्हटलें होतें. पुढील पंडितांनीं एवढ्याचा सिद्धान्त केला, आणि बधिरास शिकवितांच येत नाहीं असें तो सांगूं लागला. ॲरिस्टॉटलचा गुरु प्लेटो याच्या ‘क्रॅटिलस’ या संवादांत मात्र सॉक्रेटिस सहज विचारून जातो कीं, आपणांस जीभ व आवाज नसते तर मुक्या लोकांप्रमाणें आपणहि हातांनीं आणि शरीरानें अर्थ दाखविला नसता काय? गुरूचा प्रश्न विसरला गेला आणि शिष्याचें वाक्य राहिलें.

कायद्यानें तेंच केलें. ६ व्या शतकांतील जस्टिनियनच्या रोमन संहितेंत जन्मतः बहिऱ्या व मुक्या मनुष्यास मृत्युपत्र करण्याचा अधिकार नव्हता. आपली मनुस्मृति नवव्या अध्यायांत बधिर व मूक यांस वारसाहक्कांतून वगळते आणि त्यांस अन्नवस्त्र मात्र द्यावें असें सांगते. हिंदु कायद्यांतील ही बंदी १९२८ सालच्या एका कायद्यानें उठली. म्हणजे आमच्या मामांच्या आजोबांच्या डोळ्यांसमोर. अन्नवस्त्र द्यावें, हिस्सा देऊं नये, या वृत्तीस स्मृति वाचावी लागत नाहीं, ती घराघरांत आपोआप शिकली जाते.

नवल हें कीं, हात बोलूं शकतो हें आपणांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत २४ असंयुत व १३ संयुत हस्तांचें वर्णन आहे. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे शब्द मराठींत रूढ आहेत. गुरांच्या बाजारांत रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून हजारोंचे सौदे करणारे दलाल आम्हीं लहानपणीं पाहिले आहेत. आणि आपल्या शास्त्रकारांनीं तर परा, पश्यंती, मध्यमा व वैखरी अशा वाणीच्या चार अवस्था कल्पून, कंठ-तालूंतून ध्वनिरूपानें बाहेर पडते ती शेवटची वैखरी, असें बजावून ठेवलें आहे. ज्यास वैखरी नाहीं त्यास आधींच्या तीन असूं शकतील, हें अनुमान या विचारांतून सरळ निघतें. तें काढण्याचें काम कोणीं केलें नाहीं.

तें काम प्रथम एका मठांत झालें. १६ व्या शतकांत स्पेनमधील ओन्या येथें पेद्रो पोन्से द लिओन या बेनेडिक्टाइन साधूनें उमराव घराण्यांतील कांहीं बधिर मुलांस वाचावयास, लिहावयास आणि थोडें बोलावयास शिकविलें. बेनेडिक्टाइन मठांत ठराविक वेळीं मौन पाळीत, आणि तेवढ्या वेळांत कामापुरत्या हाताच्या खुणा वापरीत. जो स्वतः मौन राहून व्यवहार करतो त्यास मुक्याचें मुकेपण तितकें भयंकर वाटत नसावें. पुढें १६२० सालीं हुआन पाब्लो बोनेत यानें या विद्येवर ग्रंथ छापला, आणि त्यांत बोटांनीं दाखविण्याच्या वर्णमालेचीं चित्रें दिलीं. तथापि ही सर्व विद्या श्रीमंतांच्या मुलांपुरती होती.

खरी कलाटणी पॅरिसमध्यें मिळाली. १७६० च्या सुमारास अबे शार्ल मिशेल द लेपे या धर्मोपदेशकाची दोन बधिर बहिणींशीं गांठ पडली. त्यांस धर्मज्ञान मिळालें नाहीं तर त्यांच्या आत्म्याची गति काय होईल, ही त्याची तळमळ. हेतु पारलौकिक होता, उपाय मात्र अत्यंत लौकिक ठरला: या मुली एकमेकींशीं हातांनीं कांहीं बोलतात, तर तें आपणच आधीं शिकावें, असें त्यानें ठरविलें. हें वाक्य आज वाचतांना साधें वाटतें. परंतु शिकविणारानें प्रथम शिकाऊ व्हावें, ही कल्पना तोंवर या क्षेत्रांत कोणास सुचली नव्हती. द लेपे यानें स्वतःच्या उत्पन्नांतून विनामूल्य शाळा चालविली, तींत गरिबांचीं मुलें घेतलीं, आणि आपली रीत गुप्त न ठेवतां पाहावयास येईल त्यास दाखविली. तो १७८९ मध्यें वारला; दोन वर्षांनीं फ्रेंच राष्ट्रसभेनें त्याच्या शाळेचा भार उचलला.

त्याच्या चुकीविषयींहि लिहिलें पाहिजे, कारण ती मोठी बोधप्रद आहे. मुलांच्या खुणांत फ्रेंच व्याकरणाचीं लिंगें, काळ व प्रत्यय दिसेनात, तेव्हां त्या खुणा अपुऱ्या आहेत असें समजून त्यानें प्रत्येक प्रत्ययासाठीं नवी खूण बनविली. या ‘पद्धतशीर’ खुणा पाहून विद्यार्थी अचूक फ्रेंच वाक्यें लिहून काढीत. अर्थ मात्र पुष्कळदां त्यांस कळत नसे. परीक्षेंत उत्तम उतरणारीं आणि अर्थास स्पर्शहि न करणारीं वाक्यें आम्ही गेलीं तीस वर्षें उत्तरपत्रिकांत वाचीत आलों आहोंत, म्हणून या भल्या गृहस्थास फार दोष देण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

या सर्व प्रकरणांत आम्हांस अत्यंत प्रिय असलेला पुरुष मात्र निराळाच आहे. पिएर देलोज हा पॅरिसमधील एक गरीब पुस्तकबांधणीकार. सातव्या वर्षीं देवी येऊन तो बहिरा झाला. एका पाद्र्यानें खुणांच्या भाषेची निंदा करणारें पुस्तक लिहिलें, त्यास उत्तर म्हणून १७७९ सालीं यानें स्वतः एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. बधिर मनुष्यानें लिहून छापलेलें हें बहुधा पहिलेंच पुस्तक. त्यांत तो सांगतो कीं, पॅरिसमधील मजूर-कारागीर बधिर मंडळी, जीं कोणत्याहि शाळेंत गेलीं नाहींत, तीं आपसांत खुणांनीं सर्व विषयांवर बोलतात. ही भाषा अबेनें दिलेली नाहीं, ती त्यांचीच आहे. एकाकी खेडेगांवांत राहणाऱ्या बधिराजवळ तुटपुंज्या खुणाच असतात, शहरांत येऊन तो आपल्यासारख्यांत मिसळला कीं त्याची भाषा वाढते, हेंहि त्याच्या ध्यानांत आलें होतें. हा मुद्दा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. त्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास पुढें दोनशें वर्षें लागलीं.

अमेरिकेंत ही विद्या गेली त्याची हकीकत कादंबरींत शोभण्यासारखी आहे. हार्टफर्ड येथील टॉमस गॅलॉडेट हा तरुण धर्मोपदेशक शेजारच्या आलिस कॉग्जवेल या बधिर मुलीसाठीं १८१५ सालीं विलायतेस गेला. तेथें ब्रेडवुड घराण्याच्या शाळा होत्या; पण ती विद्या म्हणजे त्यांचा घरगुती धंदा, आणि ती शिकविण्याच्या त्यांच्या अटी गॅलॉडेटला मानवण्यासारख्या नव्हत्या. योगायोगानें पॅरिसच्या शाळेचे मुख्य सिकार हे लंडनमध्यें व्याख्यानें देण्यास आले होते. त्यांच्या ओळखीनें तो पॅरिसला गेला आणि १८१६ मध्यें परत फिरला तेव्हां त्या शाळेंतील लोरां क्लेर हा बधिर शिक्षक त्याच्याबरोबर होता. समुद्रप्रवास ५२ दिवसांचा झाला. त्या बावन्न दिवसांत क्लेरनें गॅलॉडेटला खुणा शिकविल्या आणि गॅलॉडेटनें क्लेरला इंग्रजी. आमच्या समजुतीप्रमाणें संवादाचें याहून चांगलें चित्र इतिहासांत क्वचितच सांपडेल: दोघेहि विद्यार्थी, दोघेहि गुरु. १५ एप्रिल १८१७ रोजीं हार्टफर्डची शाळा उघडली.

त्या शाळेंत येणाऱ्या मुलांपैकीं कांहीं मार्थाज् व्हिनयार्ड या मासेमारीच्या बेटावरून येत. त्या बेटावर आनुवंशिक बहिरेपणा पिढ्यान्पिढ्या चालत आला होता. १९ व्या शतकांत अमेरिकेंत साधारण पावणेसहा हजार लोकांत एक जन्मबधिर असे; बेटावर हें प्रमाण १५५ त एक, आणि चिल्मार्क या गांवांत तर पंचविसांत एक होतें. परिणाम काय झाला? सर्व गांवच खुणांची भाषा बोलूं लागलें. बोटीवरील कोळी दुसऱ्या बोटीवरील कोळ्याशीं खुणांनीं बोले. ऐकूं येणारीं माणसें प्रवचन चालूं असतां आपसांत हातांनीं कुजबुजत. नोरा ग्रोस या मानवशास्त्रज्ञ विदुषीनें तेथील वृद्धांस विचारून १९८५ सालीं या बेटावर ग्रंथ लिहिला. जुन्या शेजाऱ्यांच्या आठवणी सांगतांना हे वृद्ध त्यांचा धंदा, त्यांचा स्वभाव, त्यांच्या खोड्या सांगत. अमका बहिरा होता हें पुष्कळदां विचारल्यावर आठवे. तेथें बहिऱ्यास कान कोणीं दिले नाहींत. ऐकणारांनीं हात दिले.

आतां या इतिहासांतील दुःखाच्या भागाकडे वळावें लागतें, आणि तेथें प्रथम भेटतात ते टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. त्यांची आई बहिरी होती, पत्नी बहिरी होती, आणि स्वतःस ते आयुष्यभर बधिरांचे शिक्षक म्हणवीत. त्यांची कळकळ खोटी नव्हती. १८८६ सालीं एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या आंधळ्या व बहिऱ्या मुलीस त्यांच्याकडे घेऊन आले, तेव्हां त्यांनींच बोस्टनच्या अंधशाळेचा मार्ग दाखविला; ती मुलगी म्हणजे हेलन केलर. मार्च १८८७ मध्यें ॲन सुलिव्हन ही शिक्षिका तिच्या घरीं आली आणि तिच्या तळहातावर बोटांनीं शब्दांचीं अक्षरें लिहूं लागली. हेलन ती अक्षरें हुबेहूब परत करी. परंतु पेला आणि पाणी यांचीं नांवें तिच्या मनांत वेगळीं होईनात. ५ एप्रिलला पंपाखालीं एका हातावर गार पाणी पडत असतां दुसऱ्या हातावर तोच शब्द उमटला, आणि या बोटांच्या चाळ्यास अर्थ आहे, प्रत्येक वस्तूस नांव आहे, हें तिला एकदम कळलें. त्या दिवशीं रात्र होईपर्यंत तिनें तीसएक शब्द घेतले. जमिनीचें नांव विचारलें, पंपाचें विचारलें, आणि मग वळून शिक्षिकेकडे बोट करून तिचें नांव विचारलें.

या प्रसंगांत ध्वनि कोठेंच नाहीं, दृष्टीहि नाहीं. खूण तर महिनाभर आधींपासून होती आणि ती बिनचूक काढतांहि येत होती. तरी तोंवर संवाद नव्हता. एक वस्तु, तिची एक खूण, आणि तीच वस्तु त्याच खुणेनें मनांत धरून समोर बसलेलें दुसरें माणूस, असा त्रिकोण जुळला तेव्हां भाषा झाली. माध्यम कोणतेंहि चालतें. दुसरें माणूस मात्र लागतेंच.

आणि हेंच बेलसाहेबांच्या पक्षाच्या ध्यानांत आलें नाहीं. बधिरांनीं ओंठ वाचावे, तोंडानें बोलावें आणि हात खालीं ठेवावे, असें त्यांचें मत. खुणांची भाषा आणि निवासी शाळा यांमुळें बधिर आपसांत लग्नें करतात व त्यांतून माणसांची एक बधिर जात निर्माण होईल, असा निबंध त्यांनीं १८८३ सालीं लिहिला. ज्यांच्या शोधामुळें ऐकणारीं माणसें हजार कोसांवरून बोलूं लागलीं, त्यांनींच एका बाकावर बसलेल्या दोन मुलांमधील तार तोडण्यास हातभार लावावा, हा दैवाचा खेळ चमत्कारिक होय.

तार प्रत्यक्ष तोडली ती मिलान येथें. ६ ते ११ सप्टेंबर १८८० या दिवसांत तेथें बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधि होते. त्यांपैकीं ८७ इटालियन आणि ५६ फ्रेंच. परिषद वाचिक पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनींच बोलाविलेली होती. पाहुण्यांसमोर इटालियन शाळांतील मुलांस उभें करून त्यांच्याकडून उत्तरें वदविण्यांत आलीं. ज्यांनीं आपल्याकडील शाळांची तपासणी पाहिली आहे त्यांस त्या देखाव्याची कल्पना सहज येईल. ठराव झाला कीं, वाणी ही खुणांपेक्षां निःसंशय श्रेष्ठ असल्यामुळें बधिरांस वाचिक पद्धतीनेंच शिकवावें, आणि बोलण्याबरोबर खुणांचा उपयोग करणें हेंहि अपायकारक मानावें. मतें पडलीं १६० विरुद्ध ४. त्या सबंध सभेंत बधिर प्रतिनिधि एकच, वॉशिंग्टनचे जेम्स डेनिसन.

या संख्यांवर आम्हीं पुष्कळदां विचार केला आहे. सभेस जमलेलीं माणसें दुष्ट नव्हतीं. त्यांपैकीं बहुतेक पाद्री व शिक्षक, आयुष्य या मुलांत घालविलेले. मुलानें तोंडानें ‘आई’ म्हणावें, यापरतें त्यांस कांहीं नको होतें. आणि असें ‘आई’ ऐकण्यासाठीं कोणती आई जीव टाकणार नाहीं? शिवाय ज्यांस थोडें ऐकूं येतें, किंवा जे भाषा आल्यानंतर बहिरे झाले, त्यांस उच्चारशिक्षणाचा खरोखर फायदा होतो. आजच्या यंत्रांनीं व शस्त्रक्रियांनीं तर तो पुष्कळ वाढला आहे. चूक उच्चार शिकविण्यांत नव्हती. उच्चार हीच भाषा असें समजून, जी भाषा त्या मुलांजवळ आधींच होती ती काढून घेण्यांत होती. संवाद या विषयावर भरलेल्या त्या परिषदेनें ज्यांच्याविषयीं निर्णय घ्यावयाचा त्यांच्याशीं संवाद केला नाहीं.

फळें लवकरच दिसूं लागलीं. शाळाशाळांतून खुणा बंद झाल्या आणि त्याबरोबर बधिर शिक्षकांच्या जागाहि जाऊं लागल्या. जो स्वतः स्पष्ट बोलूं शकत नाहीं तो बोलणें काय शिकविणार, हा तर्क बिनतोड होता. बधिर मंडळी स्वस्थ बसलीं नाहींत. मिलानच्या थोड्याच दिवस आधीं, ऑगस्ट १८८० मध्यें, अमेरिकन बधिरांनीं आपली राष्ट्रीय संस्था स्थापन केली होती. आणि चलच्चित्रें निघतांच त्यांनीं वर्गणी जमवून आपल्या वृद्ध वक्त्यांचीं हातांचीं भाषणें चित्रपटांत साठवून ठेवलीं. १९१३ सालचें जॉर्ज वेडिट्झ यांचें तसलें भाषण आजहि पाहतां येतें. आपली भाषा मरेल या भीतीनें तिचें असें चित्र काढून ठेवणारी जमात आम्हांस दुसरी माहीत नाहीं.

त्या लाटेचें पाणी आपल्याकडेहि आलें. मुंबईंत बधिरांची पहिली शाळा १८८५ च्या सुमारास निघाली, म्हणजे मिलानचा ठराव ताजा असतांना. आणि पुढील अनेक दशकें आपल्या शाळांतून उच्चारशिक्षण हाच आदर्श राहिला. आमच्या मामांसहि १९५० नंतरच्या वर्षांत मुंबईच्या एका वसतिगृहयुक्त शाळेंत ठेवलें होतें. शाळेचें नांव घेण्याचें कारण नाहीं. त्या काळीं तशा पुष्कळ होत्या. ‘प’ म्हणतांना ओंठांपुढें धरलेला कागदाचा कपटा हलला पाहिजे, ‘ग’ म्हणतांना मास्तरांच्या गळ्यावर ठेवलेल्या बोटांस कंप जाणवला पाहिजे, असें शिक्षण. वर्गांत हात हलले तर पट्टी बसे. पांच वर्षांत ते सातआठ शब्द घेऊन आले. ‘पाणी’ आणि ‘नमस्कार’ हे घरच्यांस कळत. परक्यास तेहि कळत नसत. पुढें खर्च परवडेना, म्हणून त्यांस परत आणलें.

शास्त्रानें आपली चूक सुधारण्यास ऐंशी वर्षें लावलीं. १९६० सालीं वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजांत इंग्रजी शिकविणारे विल्यम स्टोकी यांनीं दाखवून दिलें कीं, अमेरिकन बधिरांच्या खुणा म्हणजे हवेंत काढलेलीं चित्रें नव्हत. पंजाचा आकार, त्याचें स्थान आणि त्याची हालचाल अशा थोड्या घटकांच्या जुळणीनें त्या बनतात, जसे आपले शब्द थोड्या वर्णांच्या जुळणीनें बनतात. सहकाऱ्यांनीं त्यांची थट्टा केली. पुढें मेंदूच्या वैद्यांसहि आढळलें कीं, मेंदूच्या डाव्या भागास इजा झाली तर बधिर मनुष्याची खुणांची भाषा बिघडते, पण हातांनीं नक्कल करण्याची साधी शक्ति शाबूत राहूं शकते. म्हणजे हात तेच. भाषा वेगळी आणि हावभाव वेगळे.

आणि देलोजचा मुद्दा सिद्ध झाला तो मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा या लहानशा देशांत. तेथें १९७७ पर्यंत बधिर मुलें आपापल्या घरांत, आमच्या मामांसारखीं, वीस-पंचवीस खुणांवर जगत होतीं. त्या वर्षीं मानाग्वा शहरीं विशेष शिक्षणाची शाळा निघाली. १९७९ च्या राज्यक्रान्तीनंतर ती वाढली, १९८० सालीं आणखी एक धंदेशिक्षणाची शाळा निघाली, आणि १९८३ पर्यंत दोन्हींत मिळून चारशेंहून अधिक मुलें जमलीं. शिक्षकांचा आग्रह स्पॅनिश भाषेचा आणि ओंठ वाचण्याचा. वर्गांत फारसें कांहीं साधलें नाहीं. पण खेळाच्या मैदानावर, मोटारींत, जातांयेतां मुलांनीं आपापल्या घरच्या खुणा एकत्र केल्या. प्रथम एक ओबडधोबड मिश्रण झालें. त्यानंतर आलेल्या लहान मुलांनीं तें मिश्रण मोठ्यांकडून घेतलें आणि कोणीं न शिकवितां त्यांत व्याकरण घातलें: कर्ता कोण, कर्म कोण, आधीं काय घडलें, मागाहून काय, हें दाखविण्याचे नियम. हीं मुलें काय बोलतात तें शिक्षकांस कळेना, म्हणून १९८६ सालीं जूडी केगल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंस बोलाविण्यांत आलें. पंडितांच्या डोळ्यांदेखत एक नवी भाषा जन्मास आली होती, आणि ती लहान मुलांनीं मधल्या सुट्टींत केली होती. पाणिनीच्या वंशजांनीं याचा अभिमान बाळगावा कीं खेद मानावा, तें आम्हांस कळत नाहीं.

मिलानचे ठराव २०१० सालीं व्हँकुव्हर येथील त्याच परिषदमालिकेच्या बैठकींत अमान्य करण्यांत आले व झाल्या अनर्थाबद्दल खेद प्रकट करण्यांत आला, एकशेंतीस वर्षांनीं. आपल्याकडेहि १९७० नंतरच्या दशकांत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व बंगलोर येथील बधिरांच्या खुणांचा अभ्यास झाला, २०१५ सालीं दिल्लींत भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था निघाली, आणि २०१६ च्या कायद्यांत त्या भाषेस स्थान मिळालें. तरीहि बधिर मुलांपैकीं दहांत नऊंहून अधिक ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटीं येतात, आणि मुलाची भाषा आधीं आपण शिकावी हें त्या आईबापांस सांगणारें माणूस त्यांस वेळेवर भेटेलच असें नाहीं.

मामांविषयीं एक गोष्ट राहिली. त्यांस एक लकब होती. डाव्या मनगटावरून उजवा हात ते दोनदां पुढें सरकवीत, बाहीवरची धूळ झटकावी तसा. जेवणाची पंगत बसली, कोणी गांवची, कोर्टाची, लग्नाची हकीकत सांगूं लागलें आणि सर्व हंसूं लागले, कीं मामा सांगणाराकडे पाहून हटकून तसें करीत. मामांना धूळ खपत नाहीं, असें सर्व म्हणत. आमची मामी तर त्यांचे सदरे मुद्दाम दोनदां धूत असे.

ते वारल्यावर कित्येक वर्षांनीं एका संध्याकाळीं दादरच्या फलाटावर दोन वृद्ध बधिर गृहस्थ बांकावर बसून बोलत असलेले आम्हीं पाहिले. एकाचे हात भराभर चालले होते. तो मध्येंच थांबला, तेव्हां दुसऱ्यानें डाव्या मनगटावरून उजवा हात दोनदां पुढें सरकविला, आणि पहिला पुन्हां सांगूं लागला. आमची गाडी आली, ती आम्हीं जाऊं दिली. खिशांतील कागदावर आम्हीं लिहून विचारलें कीं या खुणेचा अर्थ काय. त्यांनीं आम्हांस एकदां नीट न्याहाळलें, पेन्सिल घेतली आणि लिहिलें: ‘मग पुढें काय झालें?’ त्याखालीं त्यांनीं आपल्या शाळेचें नांव व सालें घातलीं. शाळा मामांचीच होती. पट्टीच्या भीतीनें दिवसा खालीं ठेवलेले हात रात्रीं वसतिगृहांत बोलत असत, असेंहि त्यांनीं पुढें लिहिलें, आणि मामांचें नांव विचारलें. आम्हीं लिहून दिलें. त्यांनीं मान हलविली, आणि आपल्या सोबत्याकडे वळून हनुवटीपाशीं दोन बोटें टेकवून एक खूण केली. त्या मुलांत मामांस तें नांव होतें. घरांत आम्हां कोणास तें माहीत नव्हतें.